लहान खेळाडू आणि मैदानावरील जागा : सॉफ्टबॉलमध्ये विशेषीकरण केव्हा करावे?

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून वाहत जाणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते आणि तिच्याच खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने ही कुटुंबे कापड आणि हिरे उद्योगाच्या आश्रयाला आली. सुरत महापालिकेच्या शाळांत गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू यांच्या जोडीने मराठी माध्यमही आहे. ज्या महाराष्ट्राशी या मुलांचे आजोळाचे नाते आहे, तेथे सॉफ्टबॉल शालेय पातळीवर चांगला रुजलेला आहे आणि राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचा संघ बलाढ्य मानला जातो. सुरतेत मात्र या खेळाच्या वाट्याला क्रिकेटइतकी मैदाने नाहीत, प्रशिक्षकही मोजकेच. अशा ठिकाणी दहा-अकरा वर्षांचे मूल सॉफ्टबॉलचा हातमोजा पहिल्यांदा चढवते, तेव्हा एक प्रश्न लवकरच उभा राहतो : याची मैदानावरील जागा कोणती? आणि ती आताच कायमची ठरवावी काय?

हा प्रश्न सुरतेपुरता नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात जिथे शाळेचा संघ बारा-चौदा मुलांतूनच उभा करावा लागतो, तिथेही तो तितकाच खरा आहे. खेळाडू थोडे असले की प्रशिक्षकाला घाई होते. जो उंच तो पहिल्या बेसवर, जो धिप्पाड तो कॅचर, ज्याचा हात जोरकस तो पिचर आणि ज्याला चेंडू नीट झेलता येत नाही तो उजव्या कोपऱ्यात, असे वाटप पहिल्याच आठवड्यात होऊन जाते. पुढे चार-पाच वर्षे ते तसेच राहते. मुलाच्या क्रीडाजीवनाची दिशा अनेकदा अशा एका संध्याकाळच्या सोयीने ठरते, म्हणून त्याचा विचार शांतपणे होणे आवश्यक आहे.

नऊ जागा, चार कुळे

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये शिकागो येथे झाला. जॉर्ज हॅनकॉक यांनी बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून बेसबॉलचे हे रूप काढले. प्रारंभीच्या काळात क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात दहा खेळाडू असत. आज जलद गतीच्या प्रकारात नऊ खेळाडू असतात, संथ गतीच्या प्रकारात अजूनही दहाच. मैदानावरील जागा ही काही अनादी व्यवस्था नव्हे, खेळाच्या गरजेनुसार ती बदलत आली आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या नऊ जागांची चार कुळे मानता येतात. पहिले कूळ पिचर आणि कॅचर यांचे. प्रत्येक चेंडूशी या दोघांचा संबंध येतो. दुसरे कूळ पहिल्या आणि तिसऱ्या बेसचे. फलंदाज चेंडू हळूच खाली ठेवून धावेल या शक्यतेमुळे हे दोघे पुढे सरसावून उभे असतात आणि त्यांच्याकडे येणारा चेंडू अतिशय वेगवान असतो. तिसरे कूळ शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या बेसचे. यांना डावी-उजवीकडे सर्वाधिक धावावे लागते आणि दोन खेळाडू एकदम बाद करण्याची संधी बहुधा यांच्याच हातून साधली जाते. चौथे कूळ मागील मैदानातील तिघांचे. उंच उडालेल्या चेंडूचा अंदाज, लांब धाव आणि लांब फेक ही त्यांची साधने.

प्रत्येक कुळाचे गणित वेगळे आहे. दोन लगतच्या बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असते. तिसऱ्या बेसपासून पहिल्या बेसपर्यंतचे तिरके अंतर सुमारे २५.९ मीटर भरते. एखाद्या किशोरवयीन खेळाडूने ताशी ६० किलोमीटर वेगाने चेंडू फेकला, तर हे अंतर कापायला दीड सेकंद लागतो. चपळ फलंदाज साधारण तीन सेकंदांत पहिला बेस गाठतो. चेंडू जमिनीवरून येणे, तो उचलणे, पाय जुळवणे आणि मोज्यातून हातात घेणे या सर्वांसाठी मग उरलेला दीड सेकंदच हाती असतो. दुसऱ्या बेसवरून मात्र फेक जवळची असते, तिथे चेंडूपर्यंत पोहोचणे अधिक कठीण. म्हणजे एका जागेवर हाताचा जोर निर्णायक ठरतो, तर दुसऱ्या जागेवर पायांची चपळाई.

विशेषीकरणाच्या बाजूने काय म्हणता येईल?

एकाच जागेचा आग्रह धरणाऱ्या प्रशिक्षकांचे म्हणणे निराधार नाही. कौशल्य आवृत्तीतून येते. सात डावांच्या सामन्यात प्रतिपक्षाचे २१ खेळाडू बाद करावे लागतात. त्यांतील काहींना पिचरच बाद करतो, उरलेल्या चेंडूंपैकी एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या वाट्याला दोन किंवा तीन येतात. सामन्यातून शिकण्याची संधी इतकी अल्प असेल, तर सरावाचा वेळ नऊ जागांत वाटून टाकणे म्हणजे कोणतेच काम धड न शिकवणे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. शाळेच्या वेळापत्रकात मिळणारा एक तास आणि बाद पद्धतीच्या स्पर्धा यांमुळे तो अधिक बळकट होतो. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ घरी परततो, मग प्रयोग करायचे केव्हा?

सुरक्षिततेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. सॉफ्टबॉल या नावात मऊपणा असला, तरी स्पर्धेतील चेंडू कठीणच असतो. महिलांच्या खेळात पिचर फलंदाजापासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. फटका मारलेला चेंडू तिच्याकडे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात परतू शकतो. तिसऱ्या बेसवर पुढे उभ्या असलेल्या खेळाडूचीही तीच गत. ज्या मुलाला मोजा चेहऱ्यासमोर वेळेवर आणता येत नाही, त्याला केवळ सर्वांना संधी या तत्त्वाखातर तिथे उभे करणे हा अन्याय नव्हे, धोका आहे.

पिचर आणि कॅचर यांच्या बाबतीत तर लवकर प्रारंभ करणे भागच असते. हात पूर्ण वर्तुळात फिरवून कमरेखालून चेंडू सोडण्याची क्रिया नैसर्गिक फेकीपेक्षा इतकी निराळी आहे की ती अंगवळणी पडायला वर्षे लागतात.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण शरीराची. दहाव्या वर्षी जे मूल वर्गात सर्वांत उंच असते, ते पंधराव्या वर्षी तसेच राहील याची हमी नसते. लवकर वयात आलेल्या मुलाचा हात तात्पुरता जोरकस असतो, उशिरा वाढणाऱ्याचा तात्पुरता दुबळा. त्या वयातील देहाकडे पाहून जागा ठरवली, तर पाच वर्षांनी जागा आणि देह यांचा मेळ राहत नाही. स्थूल म्हणून कॅचर केलेला मुलगा शिडशिडीत होतो, पण त्याने मागील मैदानातून उंच चेंडू कधी झेललेलाच नसतो. पहिल्या बेसवरच्या उंच मुलीची वाढ बाराव्या वर्षी थांबते आणि तिच्याहून उंच तीन मुली संघात येतात. तिला दुसरी जागा येत नसेल, तर ती राखीव खेळाडूंच्या बाकावर जाते आणि तिथून बहुधा खेळाबाहेरच.

या नियमाला एक खरा अपवाद डावखुऱ्या मुलांचा आहे. डाव्या हाताने फेकणाऱ्याला शॉर्टस्टॉप, तिसरा किंवा दुसरा बेस यांवरून पहिल्या बेसकडे फेकताना अंग वळवावे लागते आणि त्यात मोलाचा क्षण जातो. पहिल्या बेसवर मात्र त्याचा मोजा उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूला येतो आणि तो लाभ ठरतो. तरीही शिकण्याच्या वयात डावखुऱ्यानेही सर्व जागांवरून खेळ पाहावा, हेच हिताचे.

दुसरी अडचण दुखापतीची. कमरेखालून फेकल्याने खांद्याला इजा होत नाही, हा समज दीर्घकाळ प्रचलित होता आणि आजही अनेक मैदानांवर तो ऐकू येतो. प्रत्यक्षात चेंडू सोडतानाच्या क्षणी खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा स्नायू यांवर मोठा ताण येतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ असे नमवून सुवर्णपदक मिळवून दिले. ती कामगिरी विलक्षण होती, पण ती एका परिपक्व, व्यावसायिक खेळाडूची होती. वाढीची हाडे अजून जुळून न आलेल्या बारा वर्षांच्या मुलीकडून एकाच दिवशी तीन सामने टाकून घेणाऱ्या प्रशिक्षकाने तिचा दाखला देणे योग्य नव्हे. कॅचरच्या गुडघ्यांबद्दलही असेच म्हणता येईल. सबंध सामना उकिडवे बसून काढणाऱ्या मुलाला मधूनमधून मागील मैदानात धाडणे ही त्याच्यासाठी विश्रांतीच असते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मुलांनी एकाच खेळाचे विशेषीकरण साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, असे सुचवले. आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत, असाही एक व्यवहार्य दंडक क्रीडावैद्यकात सांगितला जातो. हा सल्ला खेळांच्या निवडीविषयी आहे, मैदानावरील जागांविषयी नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु त्यामागील कारण, म्हणजे वाढत्या शरीराच्या एकाच भागावर तीच ती क्रिया लादू नये, हे पिचर आणि कॅचर यांच्या जागांना तंतोतंत लागू पडते.

खेळ समजणे आणि जागा समजणे

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची, पण सहजी दिसत नाही. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू एकाकडे जातो, पण काम नऊ जणांना असते. फलंदाजाने चेंडू हळूच समोर ठेवला, तर पहिल्या बेसवरील खेळाडू पुढे धावतो, त्याचा रिकामा बेस सांभाळायला दुसऱ्या बेसवरचा धावतो आणि फेक चुकलीच तर ती अडवायला उजव्या कोपऱ्यातील खेळाडू पुढे येतो. ही साखळी पाठांतराने येत नाही. जो खेळाडू स्वतः पहिल्या बेसवर उभा राहून वाकड्या फेकीसाठी ताणला गेला आहे, त्यालाच तिसऱ्या बेसवरून सरळ फेकीचे मोल कळते.

टोकियो ऑलिम्पिकचा अंतिम सामना २७ जुलै २०२१ रोजी झाला. जपानने तो अमेरिकेविरुद्ध २-० असा जिंकला. सहाव्या डावात अमेरिकेच्या अमांडा चिडेस्टर यांचा जोरदार फटका तिसऱ्या बेसवरील यू यामामोतो यांच्या मनगटावर आदळून उडाला. शॉर्टस्टॉपच्या जागी असलेल्या माना अत्सुमी यांनी तो जमिनीवर पडण्याआधीच झेलला आणि लगेच दुसऱ्या बेसकडे फेकून धावणाऱ्या खेळाडूलाही बाद केले. यात दैवाचा वाटा होताच. परंतु शेजारच्या खेळाडूकडे जाणाऱ्या चेंडूच्याही मागे धावण्याची सवय आणि पुढची फेक कुठे करायची याची आधीच असलेली जाण, या दोन गोष्टी दैवाच्या नव्हत्या.

थोर खेळाडूंची चरित्रे याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेला १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवून देणाऱ्या लिसा फर्नांडिस जगातील उत्तम पिचरांपैकी एक होत्या, तथापि चेंडू टाकत नसत तेव्हा त्या तिसरा बेस सांभाळत. बेसबॉलमधील मूकी बेट्स यांनी उजव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षणाचे सर्वोच्च पुरस्कार मिळवले आणि तिशी ओलांडल्यावर ते लॉस एंजेलिसच्या संघासाठी शॉर्टस्टॉप झाले. किशोरवयात ते आतल्या मैदानात खेळलेले होते, म्हणूनच हे स्थलांतर शक्य झाले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण एकनाथ सोलकर यांचे. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून झेल घेणारे क्षेत्ररक्षक म्हणून त्यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात कोरले गेले. २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल ही त्यांची कामगिरी आजही विस्मयकारक वाटते. इतके असामान्य विशेषीकरण साधणारा हा खेळाडू कसोटी शतक झळकावणारा फलंदाज होता आणि डाव्या हाताने मध्यमगती व फिरकी अशी दुहेरी गोलंदाजी करणाराही होता. एका जागेवरील त्यांचे प्रभुत्व सर्वांगीण खेळाच्या पायावर उभे होते.

हिऱ्यांच्या शहरातील धडा

सॉफ्टबॉलच्या चार बेसनी बनलेल्या चौकोनाला जगभर हिरा म्हणतात आणि सुरत तर हिऱ्यांचेच शहर. तेथील कारखान्यांत एका हिऱ्यावर अनेक हात फिरतात. कोणी घाट देतो, कोणी तळाचे पैलू पाडतो, कोणी माथ्याचे, कोणी वरचा सपाट भाग घासतो. या श्रमविभागणीमुळेच सुरतेने हिऱ्याला पैलू पाडण्यात जगात पहिले स्थान मिळवले. परंतु मंदी येते, यंत्र बदलते किंवा कारखाना बंद होतो, तेव्हा एकच काम येणाऱ्या कारागिराची कोंडी आधी होते आणि दोन-तीन कामे जाणणारा तुलनेने लवकर सावरतो. लिंबायत-उधन्यातील अनेक घरांना हे नव्याने सांगावे लागत नाही. कारखान्यातील प्रौढ कारागिराला विशेषीकरण पोट भरण्यासाठी पत्करावे लागते, शाळकरी मुलावर मात्र तशी कोणतीही सक्ती नाही. मग ती आपण होऊन का लादावी?

व्यवहार्य मार्ग

सर्व मुलांनी सर्व जागा सारख्याच वेळ खेळाव्यात, असा याचा अर्थ नाही. वयानुसार विशेषीकरणाची मात्रा वाढवत नेणे हा मधला मार्ग आहे. शालेय क्रीडास्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट त्यासाठी सोयीच्या पायऱ्या ठरू शकतात.

बाराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाने चारही कुळांतील किमान एक जागा अनुभवावी. या काळात मऊ चेंडू वापरला, तर पुढच्या जागांवरील धोका पुष्कळ कमी होतो. बारा ते चौदा या वयात दोन कुळे निवडावीत, एक आतल्या मैदानातले आणि एक मागचे. ज्यांना पिचर व्हायचे आहे, त्यांनी ती क्रिया याच काळात नियमित शिकावी, पण चेंडूंची मोजणी वहीत लिहून ठेवावी आणि लागोपाठच्या दिवशी विश्रांती घ्यावी. संघात एकाऐवजी तीन पिचर घडवणे हे दुखापतीवरचे सर्वांत स्वस्त औषध आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षानंतर एक मुख्य जागा आणि एक दुय्यम जागा निश्चित करावी. इथून पुढे आवृत्तीवर भर देणे योग्यच.

वेळेचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. साठ मिनिटांच्या सरावात बारा मुलांचे तीन गट करून जमिनीवरचे चेंडू, उंच झेल आणि बेसवरील फेक अशी तीन ठाणी लावली आणि दर पंधरा मिनिटांनी गट फिरवले, तर पंचेचाळीस मिनिटांत प्रत्येक मूल तिन्ही कामे करते. उरलेली पंधरा मिनिटे प्रत्येकाच्या मुख्य जागेला देता येतात. रांगेत उभे राहून वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो, तोच या फिरत्या पद्धतीचे भांडवल. गोव्यात जून ते सप्टेंबर मैदाने पावसाने व्यापलेली असतात. त्या महिन्यांत शाळेच्या सभागृहात मऊ चेंडूवर पदन्यास, मोज्यातून हातात चेंडू घेणे आणि जवळची फेक यांचा सराव सर्व जागांसाठी समान उपयोगी पडतो.

सामन्यातही वाव असतो. सॉफ्टबॉलच्या नियमांनुसार प्रारंभीच्या संघातील खेळाडू बाहेर गेला, तरी त्याला एकदा परत येता येते. टोकियोच्या अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या उएनो प्रथम चेंडू टाकून बाहेर गेल्या आणि शेवटच्या डावात परतून त्यांनीच सामना संपवला. शालेय प्रशिक्षकांनी हाच नियम शिकण्यासाठी वापरावा. सामना हातात आला की दोन डाव जागा बदलून पाहाव्यात, कस लागला की मुख्य खेळाडूंना परत बोलवावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळली पाहिजे. सर्वांत कच्च्या मुलाला उजव्या कोपऱ्यात उभे करून विसरून जाणे हेही एक प्रकारचे विशेषीकरणच आहे, आणि सर्वांत निर्दय. तिथे चेंडू क्वचित येतो, म्हणून तो शिकत नाही. शिकत नाही, म्हणून त्याला दुसरीकडे आणले जात नाही. फिरती पद्धत सर्वाधिक उपकारक ठरते ती अशाच मुलांना.

पालकांची आणि निवडसमितीची भूमिका

पालकांची घाई समजण्याजोगी आहे. खेळातील प्रावीण्यामुळे परीक्षेत गुण मिळतात, पुढे नोकरीतही सवलत मिळू शकते. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. आपले मूल लवकर तयार व्हावे, असे वाटण्यात गैर काही नाही. परंतु राज्याचा संघ निवडताना शेवटच्या तीन-चार जागांसाठी जेव्हा समान गुणांचे खेळाडू समोर येतात, तेव्हा दोन जागा सांभाळणारा खेळाडू संघाला अधिक उपयोगी पडतो. स्पर्धेच्या प्रवासात एकाला ताप आला किंवा बोट मुरगळले, की त्याच्या जागी उभे राहील असा खेळाडू हवाच असतो. म्हणजे बहुविध तयारी हा केवळ आदर्शवाद नाही, तो निवडीचा व्यवहारही आहे. निवड चाचणीत प्रत्येक मुलाला दोन जागांवर पाहण्याचा दंडक घातला गेला, तर शाळाही आपोआप त्या दिशेने वळतील.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परतणार असून त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत. सुरतेतील किंवा गोव्यातील आजच्या दहा वर्षांच्या मुलीला ते दूरचित्रवाणीवरच पाहायचे आहेत. ते पाहताना तिचे लक्ष चेंडू असलेल्या खेळाडूबरोबरच उरलेल्या आठ जणींच्या पायांकडेही गेले, तर तिला खेळ कळू लागला असे समजावे. तिची जागा ठरवायला त्यानंतरही काही वर्षे हातात असतील.